तालमीची पायरी : मल्लविद्येतील शिक्षण, श्रेणी आणि आदर

सोलापूर शहराच्या जुन्या पेठांतून भल्या पहाटे फेरफटका मारणाऱ्यास अजूनही एखाद्या बोळातून खोऱ्याचा आवाज ऐकू येतो. रस्त्यावर दिवे जळत असतात, दुधाच्या गाड्या नुकत्याच निघालेल्या असतात, आणि एका बुटक्या दाराआडच्या दगडी खोलीत चार-सहा पोरे लाल मातीचा हौद उकरीत असतात. दार मुद्दामच बुटके ठेवलेले असते, असे जुनी मंडळी सांगतात. आत शिरणारा कितीही मोठा असो, त्याने वाकूनच आत यावे, हा त्यामागचा हेतू. हौदात पाय ठेवण्यापूर्वी प्रत्येक जण चिमूटभर माती कपाळाला लावतो, कोनाड्यातल्या मारुतीला हात जोडतो, वस्ताद बसले असतील तर त्यांच्या पाया पडतो, आणि मगच लंगोट कसतो.

हा नित्यक्रम पाहणाऱ्यास साधा वाटेल. परंतु एका संपूर्ण शिक्षणपद्धतीचे सार त्यात सामावलेले आहे. शारीरिक सामर्थ्य ज्याच्या हाती येते, त्याच्या ठिकाणी ते सामर्थ्य आवरण्याची शक्तीही आली पाहिजे, ही गोष्ट तालमीने फार पूर्वी ओळखली. त्यासाठी तिने श्रेणी निर्माण केल्या, शिष्टाचार घालून दिले आणि आदराचे व्यवहार ठरवून टाकले. आज गावोगावी व्यायामशाळांच्या इमारती उभ्या राहत आहेत. अशा वेळी शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनी या पद्धतीचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल, या विचाराने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

शब्दांचा इतिहास

तालमीतील शब्द पाहिले, तरी या विद्येचा प्रवास ध्यानात येतो. ‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थच ‘शिक्षण’ असा आहे. ‘वस्ताद’ हा फारसी ‘उस्ताद’ या शब्दाचा मराठी अवतार होय. ‘पैलवान’ हाही फारसीतूनच आला. ‘खलीफा’ या अरबी शब्दाचा अर्थ प्रतिनिधी किंवा उत्तराधिकारी असा असून, वस्तादांच्या गैरहजेरीत तालीम सांभाळणाऱ्या ज्येष्ठ शिष्यास तो लावला जातो. ‘मल्ल’ हा शब्द संस्कृत आहे. लेझीम या शब्दाचे मूळ फारसीत असून, लोखंडी साखळी लावलेल्या जड धनुष्याने करावयाच्या व्यायामाशी त्याचा संबंध आहे. सोलापूरच्या सीमेपलीकडे कानडी मुलखात गेले की तालमीला ‘गरडी’ म्हणतात.

मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा ज्या शहरात नित्य कानी पडतात, त्या सोलापूरला हा शब्दांचा मेळ परका वाटत नाही. हौदात उतरलेल्या दोघांची मातृभाषा निराळी असली, तरी पट, घिस्सा, ढाक, कलाजंग, मोळी ही डावांची नावे दोघांनाही सारखीच समजतात. मारुतीच्या कोनाड्यासमोर मुसलमान वस्तादांनी हिंदू पोरे घडवावीत आणि हिंदू वस्तादांच्या हाताखाली मुसलमान मल्लाने नाव काढावे, हे महाराष्ट्रातील तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

परंपरेचा मागोवा

मल्लांची श्रेणी लावण्याचा प्रघात या भूभागात नवा नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सोलापूरचा प्रदेश त्या काळी याच राजवटीच्या छायेखाली होता. या ग्रंथातील ‘मल्लविनोद’ या प्रकरणात वय, देहाचा आकार आणि बळ यांनुसार मल्लांचे वर्ग सांगितले आहेत, त्यांचा व्यायाम व आहार दिला आहे, आणि त्या आहाराची तरतूद राजाने करावी, असेही म्हटले आहे. खेळाडूच्या खुराकाची जबाबदारी शासनकर्त्यावर असते, हा विचार नऊशे वर्षांपूर्वी या मातीत मांडला गेला होता, ही गोष्ट आजच्या प्रशासकांनी आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नव्याने उजेडात आणली. विसाव्या शतकाच्या आरंभी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लविद्येला उदार आश्रय दिला. त्यांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली पूर्ण झाले. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित करून तोंडी चालत आलेली ही विद्या ग्रंथबद्ध केली. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. वैयक्तिक खेळात स्वतंत्र भारताला लाभलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. १९६१ साली औरंगाबाद येथे ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची पहिली कुस्ती झाली आणि दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी ठरले. या किताबाची चांदीची गदा हे पुढे खेड्यातल्या पोराचे स्वप्न बनले.

तालमीतील पायऱ्या

तालमीत कोणी कोणाला प्रमाणपत्र देत नाही. कमरेला रंगीत पट्टा नसतो, अंगावर बिल्ला नसतो. सर्वांच्या अंगावर सारखाच लंगोट आणि सारखीच माती. असे असूनही बाहेरचा जाणकार मनुष्य घटकाभर बसला, तर कोण कोणत्या पायरीवर आहे हे त्यास अचूक सांगता येते. या पायऱ्या स्थूलमानाने अशा सांगता येतील.

पहिली पायरी नवख्या पोराची. आठ-दहा वर्षांचा मुलगा प्रथम तालमीत येतो, तेव्हा त्याला डाव शिकविला जात नाही. झाडलोट करणे, पाणी भरणे, माती उकरणे आणि थोरांच्या जोर-बैठका पाहणे हे त्याचे काम. माती उकरण्याच्या कामाला कमीपणाचे काम समजण्याची चूक कोणी करू नये. खोऱ्याने खांदे, पाठ व मनगट तयार होते. शिवाय ज्या मातीत पडावयाचे, ती आपण स्वत: मऊ केली आहे, हा विश्वास मुलाच्या मनातून पडण्याची भीती काढून टाकतो. गावच्या जत्रेत हाच मुलगा रेवड्यांवरची किंवा नारळावरची कुस्ती खेळतो आणि मैदानाशी त्याची पहिली ओळख होते.

दुसरी पायरी पठ्ठ्याची. वस्तादांनी ज्याला आपला म्हटले तो पठ्ठा. आता त्याच्या नावामागे वस्तादांचे आणि तालमीचे नाव लागते. मैदानात पुकारा होतो तो ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’ असा. यश आले तर ते तालमीचे आणि आगळीक घडली तर तिची लाजही तालमीला, हे ओझे त्याच्या खांद्यावर पडते. त्याचे जोर, बैठका, सपाट्या वाढतात. जोडी व करेला फिरविणे सुरू होते. आणि डावाबरोबर त्या डावाची तोड शिकविली जाते.

तिसरी पायरी पैलवानाची. वास्तविक ‘पैलवान’ म्हणून लोक वाटेल त्याला हाक मारतात. परंतु तालमीच्या दृष्टीने ज्याने मैदानात निकाली कुस्त्या केल्या आणि ज्याच्याशी जोड नेमताना पंचांना विचार करावा लागतो, तोच पैलवान. वारंवारच्या रगडीने त्याचे कान मोडलेले असतात. ही खूण विकत मिळत नाही आणि लपविताही येत नाही.

चौथी पायरी खलीफाची. स्वत: खेळता खेळता तो धाकट्यांना लढत देतो. येथे श्रेणीचा खरा कस लागतो. बारा वर्षांच्या मुलाबरोबर झोंबताना आपले शंभर किलोचे अंग किती टाकावे, कोठे सोडावे, मुलाला डाव लागल्याचा आनंद केव्हा द्यावा आणि केव्हा देऊ नये, हे ज्याला कळते, तोच खलीफा होतो. केवळ बलवान असलेला मनुष्य या पायरीवर टिकत नाही.

पाचवी पायरी वस्तादांची. हे पद मिळविता येत नाही. ते आजूबाजूच्यांनी देऊ केलेले असते. किती गदा जिंकल्या यापेक्षा किती पोरे मार्गी लावली, यावर ते ठरते. मोठा किताब कधीही न मिळालेले, परंतु चार जिल्ह्यांत ज्यांचा शब्द मानला जातो असे वस्ताद आढळतात. याउलट किताब मिळवूनही वस्ताद न झालेले पुष्कळ असतात.

अन्य परंपरांशी तुलना

जगाच्या अन्य भागांतील युद्धकलांनी श्रेणीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदोची ‘कोदोकान’ संस्था स्थापिली आणि पुढच्याच वर्षी ‘दान’ ही श्रेणीपद्धती लागू केली. ‘गो’ या पटावरच्या जपानी खेळात अशा श्रेणी आधीपासून होत्या; कानो यांनी ती कल्पना व्यायामक्षेत्रात आणली. काळा पट्टा त्यानंतर आला, आणि विविध रंगांचे पट्टे तर बऱ्याच उशिरा, विसाव्या शतकात युरोपात रुळले. आज सोलापुरातील शाळकरी मुलामुलींच्या कमरेला कराटेचे पिवळे, हिरवे पट्टे दिसतात, ते याच परंपरेतून आले.

पट्ट्याच्या पद्धतीचे गुण उघड आहेत. शिकणाऱ्यास आपली प्रगती डोळ्यांना दिसते, पुढची पायरी ठाऊक असते, एका गावातून दुसऱ्या गावी गेल्यास श्रेणीची ओळख सोबत जाते. दोषही तितकेच उघड आहेत. पट्टा शुल्क भरून मिळतो, अशी समजूत पसरली की त्या पट्ट्याचे मोल उरत नाही. तालमीच्या पद्धतीत फसवणूक कठीण असते, कारण श्रेणी रोज पहाटे मातीत पुन्हा सिद्ध करावी लागते. मात्र या पद्धतीत सारे काही वस्तादांच्या दृष्टीवर अवलंबून राहते; वस्तादांची दृष्टी पक्षपाती झाली, तर गरीब किंवा अबोल मुलाला दाद मागण्यास जागा राहत नाही. दोन्ही पद्धतींतले हिताचे तेवढे घेणे हाच शहाणपणा होय.

आदराचे व्यवहार

तालमीत आदर हा बोलून दाखविण्याचा विषय नसतो. तो कृतीतून व्यक्त होतो. मातीला नमस्कार, वस्तादांना नमस्कार, लढतीपूर्वी प्रतिस्पर्ध्याशी हात मिळविणे, लढतीनंतर पुन्हा हात मिळविणे, खाली पडलेल्यास हात देऊन उठविणे, ज्येष्ठ मल्लाने हौदात उतरण्यापूर्वी धाकट्यांनी बाजूस सरणे, या प्रत्येक कृतीला व्यवहारी अर्थ आहे. दोघे जण एकमेकांच्या मानेवर, गुडघ्यावर, बरगडीवर अंगाचा सारा भार टाकणार असतात. डाव आवळल्यावर समोरच्याने हात आपटला तर आपण सोडू, असा न बोललेला करार त्यांच्यात झालेला असतो. हात मिळविणे हे त्या कराराचे चिन्ह. ज्या तालमीत हा करार पाळला जात नाही, तेथे हाडे मोडतात आणि पोरे येईनाशी होतात.

मैदानाचीही अशीच रीत आहे. जत्रेच्या मैदानात सर्वांत आधी लहान मुलांच्या कुस्त्या लागतात, मग चढत्या इनामाने मोठ्यांच्या, आणि अखेरीस मानाची कुस्ती. हलगी कडाडत असते, जुन्या मल्लांना फेटे बांधले जातात. रेवड्यांसाठी झगडणारे पोर आणि शेवटच्या कुस्तीचा मल्ल एकाच मातीत, एकाच हलगीच्या ठेक्यावर, त्याच प्रेक्षकांसमोर खेळतात. चढती भाजणी अशी नजरेसमोर मांडली गेल्याने, आपण कोठे आहोत आणि कोठे जाऊ शकतो, हे मुलाला न सांगता समजते.

वस्तादाने एक डाव राखून ठेवावा, अशी आपल्याकडे म्हण आहे. उद्दाम झालेल्या शिष्याला वेळप्रसंगी ताळ्यावर आणता यावे, हा तिचा आशय. तिच्यात गंमत आहे, पण धोकाही आहे. प्रत्येक पिढीने एकेक डाव राखला, तर पाच-सहा पिढ्यांनंतर विद्येत काय उरणार? आदर ज्ञान दडवून टिकत नाही. ज्यांनी सारे शिकविले, त्याच वस्तादांच्या तसबिरी आज तालमींच्या भिंतींवर आहेत.

सोलापूरचा अनुभव

सोलापूर हे गिरण्यांचे शहर होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या सुरू झाल्या, कामगारांची वस्ती वाढली आणि तालमी हे त्या वस्तीचे सार्वजनिक केंद्र बनले. पाळी संपवून आलेला कामगार जोर मारून मगच घरी जात असे. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे सोलापूरकरांच्या तोंडी पत्त्यासारखी आहेत. गिरण्या बंद पडल्या, परंतु तालमी उरल्या. गणेशोत्सवात आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत शेकडो तरुणांचे लेझीम एकाच ठेक्यावर पडते, त्यामागे हीच तालमीची शिस्त आहे.

सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर यांच्या मकरसंक्रांतीच्या यात्रेतही बळ, श्रेणी आणि आदर यांचे दर्शन घडते. सात नंदीध्वज मिरवणुकीने अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात. या उंच व वजनदार काठ्या तोल सांभाळून पेलणे हे केवळ ताकदीचे काम नव्हे. त्यासाठी यात्रेपूर्वी कित्येक दिवस सराव चालतो आणि जाणते लोक नवख्यांना धडे देतात. नंदीध्वजांचा क्रम आणि मानकऱ्यांचा मान परंपरेने ठरलेला आहे. काठी पेलण्याची पात्रता मात्र प्रत्येकाला सरावानेच मिळवावी लागते. परंपरेने आलेला मान आणि कष्टाने मिळविलेली पात्रता या दोहोंना एकाच मिरवणुकीत जागा आहे. गर्दीत भक्तांच्या डोक्यांवरून जाणारी ती काठी ज्याच्या हाती असते, त्याच्या तोलावर सर्वांचा विश्वास असतो.

या जिल्ह्याने मोठे मल्लही दिले आहेत. करमाळा तालुक्यातील बाला रफिक शेख यांनी २०१८ साली जालना येथे, तर मोहोळचे सिकंदर शेख यांनी २०२३ साली पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे महाराष्ट्र केसरीची गदा मिळविली. या गौरवाबरोबर एक गोष्ट नोंदविली पाहिजे. वरच्या पायरीचे शिक्षण घेण्यासाठी जिल्ह्यातील होतकरू मुलांना कोल्हापूर किंवा पुण्याच्या तालमी गाठाव्या लागतात. खोली, खुराक आणि दूध-बदामाचा खर्च ज्या कुटुंबास झेपत नाही, त्या कुटुंबातला मुलगा पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच थांबतो. त्याची गुणवत्ता कमी पडलेली नसते, परिस्थिती आड आलेली असते.

आदराच्या मर्यादा

आदराचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून वाद झाला आणि एका नामवंत मल्लाने पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीतही वाद होऊन एक मल्ल कुस्ती अर्धवट टाकून गेला. या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. पंचांचा निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर तज्ज्ञांनी पुष्कळ चर्चा केली. परंतु निर्णय चुकीचा असला, तरी दाद मागण्याचा मार्ग लाथेचा असू शकत नाही, याविषयी दुमत होणार नाही. त्याचबरोबर, दाद मागण्याचा खुला, त्वरित आणि विश्वसनीय मार्ग उपलब्ध करून देणे हे संयोजकांचे कर्तव्य आहे. खेळाडूने पंचांचा मान राखावा, ही अपेक्षा तेव्हाच बळकट होते.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. वस्तादांपुढे मान लवविणारा मुलगा लहान असतो, घरापासून दूर असतो आणि तक्रार करणे म्हणजे अनादर, असे त्याच्या मनावर बिंबलेले असते. त्याचा गैरफायदा घेतला जाण्याचा धोका जगातल्या प्रत्येक क्रीडाप्रकारात दिसून आला आहे. २०२३ साली दिल्लीत देशातील नामवंत कुस्तीगिरांनी महिला खेळाडूंच्या छळाच्या तक्रारींची दखल घेतली जावी म्हणून उघडपणे आंदोलन केले. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम तालमीलाही लागू आहे, आणि १०९८ ही बालकांसाठीची मदतसेवा तालमीतल्या मुलांसाठीही आहे. शाळेत शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने मनाई केली आहे. जी शिक्षा शाळेत गैर, ती तालमीत गैर ठरत नाही असे मानणे योग्य नव्हे. कठोर मेहनत करून घेणे निराळे आणि मारहाण निराळी. मूल प्रश्न विचारू शकते, नाही म्हणू शकते आणि घरी सारे सांगू शकते, अशा तालमीतलाच आदर खरा.

तिसरी गोष्ट मुलींची. जुन्या तालमीचे बुटके दार मुलींसाठी बंदच होते. २००४ साली ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती सुरू झाली. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे महाराष्ट्राची पहिली महिला केसरी होण्याचा मान प्रतीक्षा बागडी यांनी मिळविला. खेड्यात मुलींसाठी स्वतंत्र वेळ, स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची सोय आणि शक्य तेथे महिला मार्गदर्शक एवढी व्यवस्था झाली, तर पालकांचा अर्धा विरोध आपोआप मावळतो.

शरीर झटपट कमावण्यासाठी घेतली जाणारी इंजेक्शने व औषधे ही चौथी काळजी. पायऱ्या गाळून वर चढण्याचाच हा प्रकार. हृदय, मूत्रपिंड व यकृतावर त्यांचे गंभीर परिणाम होतात. वस्तादांचा शब्द येथे डॉक्टरांच्या शब्दाइतकाच परिणामकारक ठरू शकतो.

एका गावाचा धडा

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त जिल्ह्यातील एका गावी जाण्याचा योग आला होता. गावात व्यायामशाळेची नवी इमारत बांधलेली होती. फरशी चकचकीत, यंत्रे नवीन, दारावर मोठे कुलूप. रस्त्याच्या पलीकडे जुनी तालीम होती. तिच्या हौदात मुरूम भरून तेथे वाहने उभी केली जात होती. उद्‌घाटनाच्या दिवशी गावच्या वृद्ध वस्तादांना मागच्या रांगेत खुर्ची मिळाली होती, ते थोडा वेळ बसून निघून गेले, असे एका पंचायत सदस्याने खजील होऊन सांगितले. महिनाभर पोरे आली, यंत्रांशी खेळली, दोघांचे खांदे दुखावले आणि येणे थांबले.

पुढे दीड-दोन वर्षांनी त्याच गावी पुन्हा जाणे झाले, तेव्हा कुलूप निघालेले होते. फार काही घडले नव्हते. चार सदस्य वस्तादांच्या घरी गेले, चहा घेतला, आणि “दादा, किल्ली तुमच्याकडं राहू द्या,” एवढेच म्हणाले. वस्तादांनी पहिली अट घातली ती मुरूम काढण्याची. पोरांनीच तो काढला. आठवडाभर खोरी चालली. नव्या माणसाने प्रथम माती उकरावी, हा तालमीचा पहिला धडा सबंध गावाने असा गिरविला. आता यंत्रेही वापरात आहेत आणि हौदही.

काय करता येईल

या विवेचनातून काही व्यवहार्य सूचना पुढे येतात.

व्यायामशाळेसाठी शासनाच्या अनुदान योजना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत राबविल्या जातात. प्रस्ताव करताना पंचायतीने इमारतीच्या नकाशाबरोबर शिकविणारा कोण, वेळ कोणती, मुलींची व्यवस्था काय आणि किल्ली कोणाकडे, या चार प्रश्नांची उत्तरे ठरावात लिहून घ्यावीत. जुन्या तालमीचा हौद असेल, तर तो बुजवू नये. माती दरवर्षी बदलावी किंवा चाळून घ्यावी. हळद, तेल, ताक, कापूर घालण्याची जुनी रीत चालू ठेवावी. त्वचेचा विकार असलेल्या मुलास बरे होईपर्यंत हौदात उतरू देऊ नये.

शिक्षकांनी शालेय कुस्ती स्पर्धांच्या वजनगटांची माहिती मुलांना द्यावी आणि वस्तादांना वर्षातून एकदा तरी शाळेत सन्मानाने बोलवावे. स्पर्धा गादीवर होतात. मातीत तयार झालेल्या मुलाला गादीचे नियम, गुण आणि वेळेचे बंधन ठाऊक नसते आणि तो नाहक हरतो. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असून दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. तेव्हा दोन्हींचे शिक्षण हवे. शाळेने नियम शिकवावेत, तालमीने डाव शिकवावेत.

जत्रेचे मैदान भरविताना गावाने निकालावरील तक्रार ऐकण्यासाठी जुन्या जाणत्या मल्लांची तीन जणांची समिती आधीच जाहीर करावी. वैद्यकीय मदत मैदानाजवळ असावी. फेटे बांधताना इनाम देणाऱ्या पाहुण्यांच्या आधी वस्तादांना बोलवावे. एवढ्या साध्या क्रमबदलाने मैदानात बसलेल्या शेकडो मुलांना कोणता मान मोठा, हे कळून येते.

तालमीची श्रेणी कागदावर नसते, म्हणून ती दुर्लक्षिली जाण्याचा संभव अधिक. एखाद्या गावातील शेवटचा वस्ताद गेला, की त्याच्याबरोबर डाव जातात, माती कमावण्याची रीत जाते, आणि बारा वर्षांच्या पोराशी किती जोराने झुंजावे याचे तारतम्यही जाते. त्यांतले शेवटचे परत मिळविणे सर्वांत कठीण. आपल्या गावात असे एखादे वस्ताद असतील, तर वाचकांनी एकदा पहाटे त्यांच्या तालमीत जाऊन यावे. दार बुटके असेल. वाकून आत शिरावे.